कात्रीमामाचं पाण्यातलं गवत

कात्रीमामाचं सलून म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. तीन भिंतींना आरसे, मध्ये दोन खुर्च्या आणि मागच्या पडद्याआड संसार. मामाची कात्री आणि जीभ दोन्ही एकदम चालत. गल्लीतल्या तीन पिढ्यांची डोकी हाताखालून गेलेली, त्यामुळे कोणाच्या डोक्यात काय आहे ते आपल्याला बाहेरूनच कळतं, असा त्याचा दावा. मामीच्या डोक्यात काय चाललंय, ते मात्र त्याला कळेना.

आजारपणात मामीचे केस गळू लागले, तेव्हा उरलेले मामानेच उतरवले. पुढे औषधांनी गुण आला, मामी हिंडूफिरू लागली. पण घराबाहेर पडायचं तर सलूनमधूनच, म्हणजे त्या आरशांमधूनच जावं लागे. ती पडद्याआडच राहिली.

"तू बाहेर येत नाहीस ना, मग मीच बाहेरचं आत आणतो," म्हणत मामाने फिशटँक आणला. तळाला माती, वर पाणी आणि मातीत चिमट्याने एकेक काडी धरून लावलेलं बुटकं गवत. हळूहळू तळाशी हिरवा गालिचा झाला. मामी पलंगावरून तो बघत बसायची, बोलायचीसुद्धा. मामाला वाटलं, देव पावला.

दुकानदाराने बजावलं होतं, "वरचेवर छाटा." मामा हो म्हणाला आणि विसरल्याचं सोंग घेऊन बसला. दिवसभर दुनियेची डोकी भादरणारा माणूस, पण वीतभर गवतापुढे त्याची कात्री पुढे सरेना. तिचं म्हणून जे काही आहे, ते पुन्हा आपल्या हाताने कापायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी गवताचा एक कोपरा मुळांसकट सुटून वर तरंगला.

"गेलं का हो सगळं?" मामीचा आवाज इतका पडला, की मामा अनवाणीच दुकानाकडे पळाला.

"छाटलं नाहीत ना?" दुकानदाराने कपाळाला हात लावला. "उंच वाढलं की खाली उजेड पोचत नाही, बुडाशी कुजतं. छाटलं की आडवं पसरतं. मामा, हे मी तुम्हाला सांगायचं?"

घरी येऊन मामाने कात्री स्वच्छ धुतली, बाह्या सरसावल्या, हात पाण्यात घातला. कात्री उघडली, ती मिटेचना.

"काय झालं?" मामी म्हणाली. "माझ्या वेळी नाही थरथरला हात."

"थरथरला होता. तू डोळे मिटून बसली होतीस."

मामी उठली. आत जाऊन चहाची गाळणी घेऊन आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "कापा तुम्ही. वर येईल ते मी काढते."

गवत कापून झालं. बोडका टँक बघून मामाला भडभडून आलं. "सुरुवातीला असंच दिसतं," मामी म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

गवताला आडवे फुटवे आले. कोपराही पुन्हा भरला. मग एका संध्याकाळी मामा कोणाची तरी दाढी करत असताना मागचा पडदा सरकला. मामीच्या डोक्याला रुमाल नव्हता. बोटभर केस वाटेल तसे उभे होते. तिन्ही भिंतींवर मामीच मामी. ती सरळ येऊन रिकाम्या खुर्चीत बसली.

"माझा नंबर कधी?" आरशात बघतच तिने विचारलं. "कानामागचं सारखं करून द्या. छाटलं की पसरतं म्हणे."

मामाने दाढी अर्ध्यावर सोडली. गिऱ्हाईक तोंडाला फेस तसाच घेऊन निमूट बसून राहिलं.