निळ्या सुतळीची खुर्ची

झुलालभाऊंच्या फोनमध्ये संस्थांचे सव्वीस ग्रुप आहेत. मूळचे धुळ्याकडचे, पण अठरा वर्षं आमच्या संस्थेसाठी यावल तालुक्यातली गावं मोटारसायकलवर पालथी घालतात. मी, कामिनी, फैजपूरच्या ऑफिसात बसून त्यांच्या कामाचे फोटो टाकते आणि तक्ते भरते. दुपारी ते येतात, माठातलं पाणी पितात आणि फोनवरचे सुप्रभात पुसत बसतात.

"कामिनी, हाई बठ्ठं पुसता पुसता मना अंगठा झिजी गया," म्हणतात.

फेब्रुवारीत भाऊंच्या फेरीतल्या एका गावच्या पुष्पाबाई केळीचा घड वाहताना बागेत पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण पाय काही उभा राहीना. अंगणातल्या संडासापर्यंत त्यांना सून मयुरी उचलून नेई. आता तिला सातवा महिना, आणि सोमवारी ती माहेरी जाणार. मग दिवसभर घरात कुणीच नाही. पुष्पाबाईंनी पाणी पिणंच कमी केलं, म्हणजे उठायला नको. हे सगळं भाऊंनीच येऊन सांगितलं. सोमवारच्या आत चाकाची खुर्ची हवी होती, बस्स.

मला वाटलं, सोपं आहे. जळगाव-धुळ्याच्या बावीस संस्थांनी मिळून इंटरनेटवर एक तक्ता केला होता, कुणाकडे कोणतं साहित्य रिकामं आहे त्याचा. त्यात चार खुर्च्या दिसत होत्या, चार संस्थांच्या. एक ओळ आमचीच होती, ती खुर्ची कधीच देऊन झालेली; बाकी तिन्ही ठिकाणी भाऊंनी फोन लावले. वरणगाववाले म्हणाले धुळ्याला दिली, धुळेवाले म्हणाले बघून सांगतो. ग्रुपवर विचारलं तर एकोणतीस अंगठे आले. जो तो समजला, दुसरा कुणीतरी देतोय.

वैतागून मी तक्त्यातले फोटो मोठे करून पाहिले. चारही खुर्च्यांच्या उजव्या हाताला निळी सुतळी गुंडाळलेली. ती भाऊंनीच दोन वर्षांपूर्वी गुंडाळली होती. खुर्ची एकच, आणि तीही आमची! एका संस्थेनं दुसरीला दिली, दुसरीनं तिसरीला. दर वेळी हार, फोटो आणि तक्त्यात नवी ओळ. देणाऱ्यानं आपली ओळ खोडायची, हे कुणालाच सुचलं नाही. पहिली ओळ माझीच होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी जळगावला संस्थांची परिषद होती, विषय 'तंत्रज्ञानातून सहकार्य'. भाऊंना परिषदांचा मनस्वी कंटाळा. पण बावीसही संस्था एका छताखाली सापडतील म्हणून गेलो. बघतो तर मंचावर, समईशेजारी, झेंडूची माळ घातलेली आमची खुर्ची! आयोजक हितेंद्र सर माइकवरून सांगत होते, "ही खुर्ची म्हणजे आपल्या सहकार्याचं प्रतीक."

भाऊ उठले. मला वाटलं, आता अठरा वर्षांचं सगळं बाहेर पडणार. त्यांनी माळ काढून टेबलावर ठेवली.

"सर, हिच्यावर बसायला एक माणूस वाट पाहतंय," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ढकलत मंचावरून उतरले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा.

यावलच्या एसटीत घडी केलेली खुर्ची गुडघ्यांत धरून भाऊ डोळे मिटून बसले. खिशातला फोन सारखा वाजत होता. सगळ्या ग्रुपांवर त्यांचाच फोटो फिरत होता.

संध्याकाळी भाऊंनी उंबऱ्याला फळी लावली. पुष्पाबाई स्वतः चाकं फिरवत संडासापर्यंत गेल्या, परत आल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या. मयुरी भिंतीकडे तोंड करून रडली. मलाही आवरलं नाही.

सोमवारी त्या चार ओळी खोडायला तक्ता उघडला, तर पाच झालेल्या. पाचवीत मंचावरचे भाऊ. मी पाचही खोडल्या, तोवर फोन आला. शिरपूरकडची कुणी बाई होती. "ताई, काल तुमना तक्तामा पाच खुर्च्या व्हत्यात. मना बापले एक भेटी का?"

मी स्पीकर लावला. भाऊंनी फोन घेतला.

"एक बी नही शे, माय," म्हणाले. फोन त्यांनी ठेवला नाही. तिच्या गावाचं नाव विचारून हातावर लिहून घेतलं.