टिफिन बंद करायचा होता

“शुभदाजी, टिफिन बंद कर देते हैं,” सोनीजी म्हणाले आणि त्यांनी टोस्ट चहात बुडवला.

एवढी मोठी गोष्ट टोस्ट खाता खाता सांगायची असते का? पण आमचे मालक असेच. कारखान्याचं भवितव्य हळू आवाजात सांगतात आणि चहा गार आला तर सगळं ऑफिस डोक्यावर घेतात.

टिफिन म्हणजे जेवणाचा डबा नव्हे. इंदूरला सांवेर रोडवर आमची कॉम्प्युटर बनवणारी कंपनी आहे. बनवणारी म्हणजे चिप वगैरे बाहेरून येतात, पेटी आमची, आतली जुळणी आमची, तपासणी आमची. त्यातला सगळ्यात छोटा आणि स्वस्त डेस्कटॉप म्हणजे टिफिन. कॅटलॉगमध्ये त्याला ऐटबाज इंग्रजी नाव आहे, ते कुणाला आठवत नाही. आडवा, चपटा, काखेत मारून नेता येईल एवढा. जुळणीच्या लाइनवरच्या बायका त्याला टिफिन म्हणायला लागल्या, मग डीलर म्हणायला लागले, आता सोनीजीही तेच म्हणतात. किराणावाले, खत-बियाणेवाले, कोचिंग क्लासवाले, सगळे हाच घेतात.

मी तिथे क्वालिटी हेड आहे. म्हणजे माल बाहेर जाण्याआधी नाक मुरडायचं, आणि गेलेला माल परत आला तर का आला ते शोधायचं. नाक मुरडण्याचा पगार मिळतो, असं जगात हिचंच भाग्य, असं आमचे हे छत्रीबागेतल्या समस्त नातेवाइकांना सांगत असतात.

तर टिफिन परत येत होता, आणि फार येत होता. नवा घेतल्यावर थोड्याच दिवसांत यायचा, आणि दिवाळीनंतर तर नुसती रीघ लागायची. तक्रार एकच, पंखा. मशीनमध्ये छोटा पंखा असतो, तो प्रोसेसरला, म्हणजे मशीनच्या डोक्याला, वारा घालतो. पंखा अडकला की डोकं तापतं आणि मशीन आपोआप बंद होतं. दुकानदार पुन्हा चालू करतो, ते पुन्हा तापतं. असं करत करत शेवटी आतला मुख्य बोर्डच जातो, आणि मग तो आम्हाला बदलून द्यावा लागतो.

पंख्याचा सप्लायर आम्ही दोनदा बदलला. काडीचा फरक पडला नाही. तिसरा पंखा तर असा होता की टेस्टिंग रूममध्ये थांबायचं नावच घेत नव्हता. ग्राहकाकडे गेला की तोही बसला. मी त्या पंख्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण त्याने काही कारण हाती लागेना.

“सर, कारण मिळाल्याशिवाय बंद कशाला करायचा?” मी म्हटलं.

“मार्केट में बदनामी हो रही है. टिफिन की वजह से बड़े वाले टॉवर पर भी लोग शक करते हैं.” सोनीजींनी कप ठेवला. “संक्रांति तक देख लो. कारण मिला तो ठीक. नहीं तो बंद. लाइन टू वालों को पीथमपुर में एडजस्ट कर लेंगे.”

एडजस्ट हा शब्द ऐकायला फार मऊ आहे. लाइन टू म्हणजे फक्त टिफिनची लाइन, आणि तिथे सगळ्या बायका. आजूबाजूच्या वस्त्यांतून पायी नाहीतर सायकलवर येतात. पीथमपूरचा आमचा प्लांट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मग त्याच्याही पुढे. तिथे कोण एडजस्ट होणार?

बातमी माझ्याआधी खाली पोचली होती. लाइन टूच्या सुपरवायझर रेखाताई मोघे जिन्यातच उभ्या होत्या. उभ्या म्हणजे कमरेवर हात ठेवून.

“मॅडम, सीधी बात सांगा. टिफिन बंद होऊन राहिला आहे का?”

“अजून ठरलं नाही.”

“म्हणजे होऊन राहिला आहे.”

“अहो रेखाताई, नाही ठरलेलं. संक्रांतीपर्यंत वेळ आहे.”

“पीथमपूरला जाता-येता आमचा दिवस तिथेच संपेल. पोरींच्या घरचे पहिल्याच दिवशी म्हणतील, बस झाली नोकरी, बैठो घर में. माझ्याही घरी तेच म्हणतील. इतकी वर्षं लाइन चालवली, आता काय मी घरी बसून पापड लाटू?” त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “तुम्ही बघा ना काही. आमच्या जोडणीत खोट असेल तर तसं तोंडावर सांगा.”

खोट त्यांच्या जोडणीत नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. त्या बाईच्या हाताखालून ढिला स्क्रू सुटत नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तो राग घेऊन मी परत आलेल्या टिफिनचा ढीग टेबलावर मांडला आणि आमच्या डिझाइनवाल्या विनय परांजपेला बोलावलं.

विनय हुशार मुलगा, पण आपल्या ड्रॉइंगवर बोट ठेवलेलं त्याला खपत नाही. “डिझाइनमध्ये काही नाहीये, ताई,” तो आल्या आल्या म्हणाला. “गरम हवा वर जाते, म्हणून जाळी वर, झाकणात. जाळीखाली पंखा. शाळेतलं फिजिक्स आहे.”

“मी शाळेत गेले आहे, विनय. तू पेच उघड.”

आम्ही एकेक उघडत गेलो. पंखे बसलेले, पाती मोडलेली, बोर्ड काळे पडलेले. बाकी काही नाही. तीन-चार मशीनं झाल्यावर माझा हात थांबला. समोर होतं ते मशीन एका धान्याच्या आडतीवरून आलेलं. मंडीतलं दुकान, सहा-सात महिने वापरलेलं. आणि आत कशाचा कण नाही! आमच्या शहराला स्वच्छतेचा केवढा अभिमान, पण घरातला टीव्ही मी सकाळी पुसला तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आणि हे मंडीतलं मशीन आतून ताटासारखं लखलखीत?

“विनय, हे कुणीतरी धुऊन-पुसून पाठवलंय.”

“बरंच आहे की.”

“बरं कसलं? चोर घर झाडून गेलाय.”

दुसऱ्या दिवशी न कळवता मी बेटम्याला गेले. ते मशीन पाठवणाऱ्या आमच्या जुन्या डीलरचं, पाटीदारजींचं दुकान तिथे धार रोडवर आहे. माणूस सज्जन, तोंडाने गोड. मी पायऱ्या चढले तेव्हा ते हातात ब्लोअर घेऊन एका टिफिनवर वाकलेले होते. ब्लोअर म्हणजे धूळ उडवायचं हवेचं यंत्र. मला बघताच त्यांनी टिफिनवर गमछा टाकला.

“अरे मॅडमजी! आप? पहले बोल देतीं तो गरम पोहे मँगवा लेता.”

“पोहे नंतर. गमछा उचला.”

“अरे वो तो ऐसे ही… पुराना माल है.”

“पाटीदारजी, उचला.”

त्यांनी देवाच्या मूर्तीवरचं वस्त्र काढावं तसा हळूच गमछा काढला. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. झाकण उघडलं तर आत तांदूळ! लालसर, कुंकू लावलेले तांदूळ. पंख्याच्या पात्यांत अडकलेले, बोर्डावर पसरलेले. बरोबर झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या आणि चिमूटभर गुलाल.

“हे काय आहे?”

“अक्षत है, मॅडमजी,” ते अगदी निरागसपणे म्हणाले. “नया मशीन आया तो पूजा होगी ना? और दिवाली पे तो होगी ही. पहले बही की पूजा होती थी, अब सारा हिसाब इसी में है तो इसकी होती है. गद्दी पर रखते हैं, कुमकुम से सातिया बनाते हैं, अक्षत चढ़ाते हैं. सब करते हैं.”

“आणि अक्षता कुठे जातात?”

“ऊपर जाली है,” ते म्हणाले. “अंदर जाते हैं.”

“हे आम्हाला इतके दिवस सांगितलं का नाही?”

आता पाटीदारजींनाही राग आला. “कैसे बताएँ? आपकी वारंटी में लिखा है, अंदर बाहर की चीज़ निकली तो क्लेम रिजेक्ट. एक बार दाने समेत भेजा था, वापस कर दिया. ग्राहक हमारी जान खाता है. तब से साफ करके भेजते हैं. सभी डीलर करते हैं, अकेला मैं थोड़ी!”

मला हसू आलं. मग राग आला. मग परत हसू आलं ते आवरेना, आणि पाटीदारजींनी घाबरून पाणी मागवलं. सगळं सरळ होतं. टॉवर, म्हणजे मोठं उभं मशीन. त्याच्या डोक्यावर जाळी नसते, ती मागे असते. त्याच्यावर अक्षता पडल्या तर खाली घरंगळतात. टिफिन बिचारा आडवा पडलेला, पोट उघडं टाकून. त्यात देव मानून जो तो त्याच्यावर तांदूळ टाकणार, आणि पंखा पहिला घास गिळणार.

पोहे खाल्ले. तो टिफिन तसाच, तांदळासकट, गाडीत घातला आणि परत आले.

सोनीजींना हे पटेना. “पढ़े-लिखे लोग मशीन में चावल डालते हैं?” ते मशीनकडे बघत म्हणाले. “ये तो कस्टमर की ग़लती है. एक स्टिकर लगा दो, ‘चावल न डालें’. और मुझे तो लगता है, बेटमा की ही बात होगी. शहर में कौन करता है ऐसा?”

विनयनेही मान डोलावली. मी त्या दोघांकडे पाहिलं, आणि मला आमचं रिसेप्शन आठवलं.

तिथे काचेच्या पेटीत टिफिनचं पहिलं मशीन ठेवलेलं आहे. लाइनवरून उतरलेला पहिलावहिला नग. तो आम्ही कधी विकला नाही, कधी चालूही केला नाही. हार घालून फोटो काढला आणि काचेत ठेवला.

“सर, पाच मिनिटं खाली येता? विनय, तूही चल. आणि रेखाताईंना स्क्रूड्रायव्हर घेऊन बोलवा.”

रेखाताई आल्या. काय चाललंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, चेहरा पडलेला होता. मी म्हटलं, “हे उघडा.” त्यांनी सोनीजींकडे पाहिलं. सोनीजींनी हात हलवला. पेच निघाले, झाकण निघालं.

आत तांदूळ होते. बाहेर काढून मोजायची गरजच नव्हती, चांगली चिमूट-दोन चिमूट होती. पंख्यावर, बोर्डावर, एक दाणा थेट पात्याच्या मुळाशी.

सोनीजी खाली वाकले, एक दाणा चिमटीत धरला आणि चष्म्याजवळ आणला.

“ये तो…” ते म्हणाले, “ये तो मेरे हाथ के हैं.”

“हो सर. पहिल्या मशीनची पूजा तुम्हीच केली होती. नारळ विनयने आणला होता.”

विनय छताकडे बघायला लागला. मीही त्या पूजेला हजर होते, हे मी आपणहून सांगितलं नाही. पण रेखाताईंनी सांगितलं. “मॅडमनी पण टाकल्या होत्या अक्षता. मी पण. सगळ्यांनी.”

आणि सोनीजी जे हसले! रिसेप्शनवरच्या मुलीने फोन खाली ठेवला. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मग धंद्याच्या आवाजात म्हणाले, “पूजा तो बंद नहीं होगी. न उनकी, न मेरी.”

“नाही होणार, सर. मग जाळी हलवायची.”

विनयने आठ दिवस तोंड फुगवलं. मग तोच एक दिवस नवीन ड्रॉइंग घेऊन आला, आणि ते इतकं देखणं होतं की मी त्याला जवळ घेऊन पाठ थोपटली. जाळी दोन्ही बाजूंना, एकीकडून हवा आत, दुसरीकडून बाहेर. झाकण सपाट, बंद, आणि त्याला ताटाला असतो तसा बारीकसा काठ.

“काठ कशाला?” मी विचारलं.

“अक्षता बाजूच्या जाळीत घरंगळू नयेत म्हणून,” तो म्हणाला. “आणि स्वस्तिक काढायला जागा बरी दिसते.”

वॉरंटीची ती ओळ काढायला मात्र अकाउंट्सशी जास्त भांडावं लागलं. जाळी हलवणं सोपं होतं. शेवटी सोनीजींनी एका फोनवर ते मिटवलं.

पुढच्या दिवाळीनंतर मी परत येणाऱ्या मालासाठी टेबलं रिकामी करून ठेवली होती. ती रिकामीच राहिली. पाटीदारजींचा फोन आला तो तक्रारीचा नव्हता. “मॅडमजी, ब्लोअर पे धूल जम गई है,” ते म्हणाले, आणि मग खरोखरच गरम पोह्यांचं आमंत्रण दिलं.

लाइन टू तिथेच आहे. उलट दोन नव्या मुली घेतल्या. त्या वर्षीच्या लाइनवरच्या पूजेत सोनीजींनी अक्षता टाकल्या तेव्हा आम्ही सगळे देवीकडे न बघता झाकणाकडे बघत होतो. एकही दाणा आत गेला नाही. रेखाताईंनी तळहाताने तांदूळ गोळा केले आणि हळूच मला विचारलं, “आता सीधी बात सांगा मॅडम. बंद होऊन राहिला आहे का?”

“नाही.”

“म्हणजे नाहीच ना?”

“नाहीच हो!”

त्यांनी ते तांदूळ पदराला बांधले आणि घरी नेले. दुसऱ्या दिवशी सांगितलं की खीर केली.

तेव्हापासून आमच्या तपासणीत एक टेस्ट वाढली आहे. मशीन उंचावरून पाडून बघतो, तापवून बघतो, धुळीत ठेवून बघतो, आणि शेवटी अक्षता टाकून बघतो. ते काम रेखाताईंचं. मध्यंतरी बाहेरचे ऑडिटर आले होते, त्यांनी ही टेस्ट बघून विचारलं की हे कोणत्या देशाचं स्टँडर्ड आहे. मी उत्तर जुळवत होते, तोवर रेखाताईंनी त्यांच्या हातात मूठभर तांदूळ दिले आणि म्हणाल्या, “तुम्हीच टाकून बघा, सर. ओतायचे नाहीत. पूजेत टाकतो ना, तसे.”

ऑडिटरने आधी बूट काढले आणि मगच तांदूळ टाकले.