ओंडक्यावरचं झाड

माझा स्वभाव मुळात संशयी. दूधवाल्याची पाठ वळली की दुधात बोट बुडवून बघणारी मी. नव्वदच्या दशकात आम्ही बारामती एमआयडीसीजवळ राहायचो. तिथं माझं ब्रोमेलियाड वाळायला लागलं, तेव्हा संशय सरळ सासूबाईंवर गेला.

शेजारीण बदली होऊन जाताना ते मला देऊन गेली होती. अननसाच्या जातीचं झाड, त्याला माती नको. लाकडावर बांधायचं आणि पानांच्या मधल्या वाटीत पाणी ठेवायचं. नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, त्यामुळे घरात तांब्याच्या तारेला तोटा नव्हता. बाभळीच्या ओंडक्यावर ते तारेनं घट्ट आवळलं आणि खिडकीत टांगलं. त्या दोन खोल्यांत तेवढंच माझं स्वतःचं होतं.

वरकुट्याहून राहायला आलेल्या सासूबाईंनी बघताच नाक मुरडलं. "बांडगूळ हाय ते. आमी आंब्यावर दिसलं की कोयत्यानं उतरवतो. तू घरात बांधतीस व्हय?"

महिन्याभरात पानं बुडापासून तपकिरी पडली. मी वाटीतलं पाणी काडेपेटीच्या काडीनं मोजायला लागले. दुकानात डबा देऊन आले की पाणी वाढलेलं असायचं. चाखलं तर खारट. आमच्या बोअरचं पाणी खारटच होतं, पण ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

"आत्या, यात काय वतलं तुमी?"

"पाणी. सुकल्यागत दिसत हुतं."

खोटं बोलताय, असं मी तोंडावर म्हणाले. दुसऱ्या दिवशी खुरपणीचं निमित्त सांगून त्या गावी गेल्या. नवरा माझ्याशी बोलेनासा झाला.

त्या गेल्यावरही झाड वाळतच राहिलं. शेवटी ओंडका पिशवीत घालून मी एसटीनं इंदापूरच्या एका नर्सरीत गेले. माळ्यानं तारेखालचा हिरवा डाग नखानं खरवडला. "ताई, तांबं ह्या झाडाला विष हाय. तुमच्या तारेनंच मेलं हे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच वरकुट्याची गाडी धरली. सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी पाया पडले. "आत्या, चूक माझी हाय. झाड माझ्याच तारेनं मेलं."

"झाडापायी न्हाय गेले मी," त्या वर न बघता म्हणाल्या. "मी केलेला चहा तू वास घेऊन प्यायला लागलीस, म्हणून गेले."

मी तसं करत होते, हे मला तोवर कळलंही नव्हतं.

पुढं त्या आमच्याकडे आल्या, महिनामहिना राहिल्याही. पण चहा स्वतः कधी केला नाही, कायम माझ्याकडून मागून घेतला.