हौदातले बेडूकमासे
गेल्या चैत्रात आमच्या बागेतला कमळांचा हौद डेंग्यूच्या तपासणीत उपसला गेला. आठवडाभर आधी तो एका शब्दावर वाचला होता. पाण्यात बेडकांची पिल्लं होती, पाय न फुटलेली. पाणी गेलं तर ती मरणार होती. "हौदात काय हाय, मावशी?" तपासणीला आलेल्या बाईंनी फाटकातूनच विचारलं. "बेडूकमासे," आई म्हणाली. "मासे व्हय? मग राहू द्या, डासाच्या अळ्या खात्यात ते." आई गप्प राहिली, मीही. पुढच्या फेरीत बाईंनी वाकून पाहिलं. "ही तर बेडकं हायेत! सांगितलं नाय तुम्ही." "तेच सांगितलं होतं," आई हळू आवाजात म्हणाली. पाणी मातीत ओतलं गेलं. हाताला लागली तेवढी पिल्लं आईनं बादलीत घेतली. त्यांतल्या तिघांना पाय फुटले.