स्टुडिओत बंदूक आणू नये

आमच्या फोटोच्या दुकानात बंदूक घेऊन येऊ नये, ही पाटी मी माझ्या हाताने रंगवली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि कुवेतला येऊन मला दोन वर्षं झाली होती.

आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. माझे बाबा खाडीवर गलबतं रंगवायचे आणि त्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नावं घालायचे. रंगाचा डबा धरायला मी जायची, आणि डबा धरता धरता कधीतरी कुंचलाही माझ्या हातात आला. लग्न झालं ते मुंबईत फोटो काढायचं काम शिकलेल्या माणसाशी. ह्यांनी पुढे कुवेतला एका व्यापाऱ्याची जागा भाड्याने घेऊन स्टुडिओ टाकला आणि मागून मला बोलावून घेतलं. माझ्या ट्रंकेत साड्या, सुक्या बोंबलांची पुरचुंडी आणि बाबांनी दिलेले तीन कुंचले होते. बोंबलांचा वास कुंचल्यांना लागला होता, तो वर्षभर गेला नाही.

दुकान सफात चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे ग्राहकांची खोली, मग कॅमेऱ्याची, तिच्या शेजारी फोटो धुवायची अंधारी खोली, आणि अगदी मागे आमचं बिऱ्हाड. कॅमेऱ्यासमोर लावायचा पडदा मी रंगवला होता. ह्यांना राजवाड्याचा जिना हवा होता, पण मला जिना काढता येईना. मी आमची खाडी काढली. माड, पाणी, आणि एक शिडाचं गलबत. वाळवंटातून आलेली माणसं त्या माडांसमोर ताठ बसायची आणि फोटो बघून खूश व्हायची.

ही माणसं म्हणजे बदू, तंबूत राहणारे. मेंढ्या, तूप, लोकर घेऊन ते चौकातल्या बाजाराला यायचे. शहराभोवतीची जुनी मातीची भिंत नुकतीच पाडली होती आणि सगळीकडे सरकारी कागद सुरू झाले होते. कागद म्हटला की फोटो आला. म्हणून बाजार उरकला की ते आमच्याकडे येत. येताना खांद्याला बंदूक. आपल्याकडे पावसाळ्यात माणूस छत्री घेऊन निघतो, तितक्या सहज. त्यात कसला धाक नव्हता. वाटेवर लांडगे असत, एकट्याचा प्रवास असे, आणि बंदूक बहुतेक बापाची किंवा आजोबांची असे. ती कुठे ठेवून येणार? आमच्या भिंतीला टेकून दोन-तीन बंदुका नेहमी असायच्या. मी केर काढताना त्या बाजूला सरकवायची.

एका सकाळी दोघे भाऊ आले. धाकटा स्टुलावर बसला, थोरला बंदूक घेऊन मागे उभा राहिला. ह्यांनी त्याच आठवड्यात फ्लॅशचे बल्ब आणले होते. बल्ब फटकन पेटला. थोरला दचकला, बंदूक हातातून सुटून दस्त्यावर आपटली आणि गोळी उडाली. मी धावत बाहेर आले तर खोलीभर धूर, हे कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली बसलेले, आणि धाकटा भाऊ स्टुलावर जसाच्या तसा ताठ, कारण ह्यांनी त्याला हलू नको म्हणून सांगितलं होतं. कोणाला काही लागलं नव्हतं. गोळी माझ्या गलबताच्या शिडातून आरपार जाऊन भिंतीत बसली होती. थोरला इतका शरमला की दुसऱ्या दिवशी तुपाचा बुधला घेऊन माफी मागायला आला. धाकट्याचा फोटो मात्र उत्तम आला होता.

त्या रात्री हे जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, “पाटी लावूया गो. दुकानात बंदूक नको.”

मी फळी घासली, पांढरा रंग दिला, आणि काळ्या अक्षरांत अरबीत लिहिलं की बंदूक आत आणू नये. अक्षरं मला लहानपणी कुराण वाचताना आली होती, शब्द शेजारच्या बायकांना विचारून घेतले. पाटी सुरेख झाली. ती लागल्यावर पहिला माणूस आला तो बंदुकीसकट. दुसराही तसाच. मग आमच्या लक्षात आलं की ह्या लोकांना वाचता येत नाही. तेव्हा मी अक्षरांखाली चित्र काढलं. एक बंदूक, आणि तिच्याशेजारी ‘थांब’ म्हणून उभा केलेला पंजा.

त्यानंतर जे झालं त्याची आठवण येऊन मी आजही एकटी हसते. दुसऱ्या दिवशी एकजण आला, त्याने बंदूक ह्यांच्या टेबलावर आडवी ठेवली आणि ती अडकते, कधी दुरुस्त होईल, असं विचारलं. त्याने पाटीवर बंदूक पाहिली होती, हात पाहिला होता, आणि इथे कोणीतरी हाताचा कसबी माणूस आहे असं धरलं होतं. हे म्हणाले, आम्ही फोटो काढतो. तो म्हणाला, फोटोही काढा. आठवडाभर आमच्याकडे फोटोपेक्षा नादुरुस्त बंदुका जास्त आल्या. ज्यांना अर्थ कळला ते मात्र चिडले. बंदूक काय गल्लीत टाकून येऊ, म्हणून ते पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या स्टुडिओत जाऊ लागले. हे पाटी उतरवायला निघाले. मी म्हटलं, अजून दोन दिवस राहू दे. खरं तर मला त्या पाटीचा लोभ सुटत नव्हता.

त्याच दोन दिवसांत एक म्हातारी आली. बरोबर तिचा मोठा मुलगा होता, पण बंदूक तिच्या खांद्याला होती. पायघोळ काळे कपडे, चेहऱ्यावर काळं कापड, डोळे तेवढे दिसत होते. मुलगा हात हलवत मागून येत होता. दारात ती थांबली, पाटीकडे पाहिलं आणि ह्यांना नाही, मला विचारलं की हे काय आहे. मी तिला ‘यम्मा’ म्हटलं, म्हणजे आई. तिथे वयस्कर बाईला तसंच म्हणतात. मी गोळीची सगळी हकीकत सांगितली, मोडक्यातोडक्या अरबीत, आणि शिडाचं भोकही दाखवलं. तिने भोकात बोट घालून बघितलं.

“मग मी ही कुठे ठेवू?” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याची आहे. तो गेल्यापासून मी तिला जमिनीवर टेकवलेली नाही.”

मी घाबरत म्हटलं, “माझ्याकडे द्या. मी आत माझ्या बिछान्यावर ठेवते.”

मग तिने सराईतपणे बंदूक उघडली, गोळ्या काढून माझ्या मुठीत दिल्या आणि माझ्याबरोबर आत आली. माझी गोधडी आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली होती. तिच्यावर यम्माने बंदूक आडवी ठेवली, लहान लेकराला निजवतात तशी, आणि टोक दुमडून वरून पांघरलंसुद्धा. बाहेर येऊन मुलाला म्हणाली, “घरच्या बाईकडे ठेवली आहे. घरातच आहे समज.”

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण खरी अडचण पुढेच होती. फोटो तिचाच काढायचा होता. धाकटा मुलगा दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर नोकरीला लागला होता आणि आईचा फोटो पाठवा म्हणून त्याने निरोप धाडला होता. परक्या पुरुषासमोर ती कापड वर करणार नव्हती. हे हात जोडून म्हणाले की मग कसं जमणार. मी म्हटलं, “मी काढते.”

हे माझ्याकडे पाहतच राहिले. फोटो धुणं, सुकवणं, पेन्सिलीने डाग झाकणं मी करत होते, पण कॅमेऱ्याला ह्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. शेवटी ह्यांनी मला प्रकाश किती, भिंग किती उघडायचं ते सांगितलं, आणि मुलाला घेऊन चहाच्या टपरीवर गेले. यम्माची अट होती की फोटो उमटतो ती काच किंवा छापलेला कागद, काहीही पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. ह्यांनी शब्द दिला आणि पाळला. तो फोटो ह्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही, आणि त्याबद्दल अधूनमधून कुरकुर केली.

दार लावल्यावर यम्माने कापड वर केलं. सगळा चेहरा सुरकुत्यांचा, हनुवटीवर निळं गोंदण. आमच्याकडेही म्हाताऱ्या बायांच्या हनुवटीवर गोंदण असतं, त्यामुळे मला एकदम ती गावातलीच कोणी वाटली. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं तर ती उलटी दिसली, माडांच्या खाली पाय वर करून बसल्यासारखी, आणि मला हसू आलं. कापडाआडून हसण्याचा आवाज ऐकून तीही हसली. ती हसते आहे तेवढ्यात मी घाईने काच बसवली आणि बटण दाबलं.

चार दिवसांनी ती फोटो न्यायला आली. बंदूक सरळ आत नेऊन गोधडीवर ठेवली आणि मग हात पुढे केला. फोटो बघितला. तंबूतली माणसं आरशात बघत नसत असं नाही, पण आरशात कोणी हसत बसत नाही. तिने फोटो जवळ धरला, लांब धरला. मला वाटलं, बिघडलंच काहीतरी.

“माझ्या आईचा फोटो तुला कुठे मिळाला?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “यम्मा, त्या तुम्हीच आहात.”

“कळतंय मला,” ती म्हणाली. “पण आई अशीच हसायची.” मग तिने डोळे पुसले, आणि आणखी एक प्रत मागितली, मुलासाठी नव्हे, स्वतःसाठी.

तिने ही गोष्ट किती तंबूंत सांगितली कोण जाणे. पंधरा दिवसांत पाटीचा अर्थ सगळ्यांना समजला. पुरुष दारातच गोळ्या काढून घेत आणि ‘घरच्या बाईकडे’ म्हणून बंदूक पुढे करत. त्यांनी हे आपल्या मानाला साजेसं मानलं होतं. घरातल्या बाईच्या हवाली केलेली वस्तू सुखरूप असते, तिला कोणी हात लावत नाही. ह्यांनी गलबतांच्या सुताराकडून एक घडवंची करून घेतली, मी तिच्यावर जुनी चादर घातली. बंदुकांची अदलाबदल होऊ नये म्हणून मी एकाच चिंधीचे दोन तुकडे करायची, एक बंदुकीला, एक मालकाच्या मनगटाला. ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एकोणीस बंदुका होत्या आणि दोन साड्यांच्या किनारी फाडून झाल्या होत्या. त्या घडवंचीशेजारीच मी स्टोव्हवर भाकऱ्या भाजत होते. फोटोसाठी आलेल्या बायका तिथेच मांडी घालून बसल्या, भाकरी मोडून खाऊ लागल्या, आणि कोणाच्या नवऱ्याची बंदूक जास्त जुनी यावरून त्यांचं जुंपलं. यम्मा मधोमध बसून निवाडा करत होती. तिच्या मते सगळ्यात जुनी तिचीच होती.

ह्या बायका येऊ लागल्या होत्या त्या मात्र बंदुका ठेवायला नव्हे. कॅमेऱ्यामागे बाई असते, हे कळल्यावर आधी बदू बायका आल्या, मग शहरातल्या, मग आमच्या कोकणच्या, मग इराणी. कोणाला परगावच्या भावाला फोटो पाठवायचा होता, कोणाला नुसता हवा होता. ह्यांना आधी ते थोडं जड गेलं. एकदा म्हणाले की दुकान माझं की तुझं तेच समजेना. पण पुढे आम्हाला मुलगी झाली, तिचा मी काढलेला एक फोटो त्यांनी मागून घेतला, बराच वेळ बघितला, आणि दुसऱ्या दिवशी मला नवा कॅमेरा आणून दिला. लहान होता, पण माझा.

पुढच्या दहा वर्षांत शहर ओळखू येईना. बदूंना सरकारने घरं दिली, मुलं शाळेत जाऊ लागली, चौकातला मेंढ्यांचा बाजार हलला. बंदूक खांद्याला लावून येणारा माणूस वर्षातून एखादा दिसे. आम्ही मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराच्या जागेत गेलो. तिथे गुरुवारची दुपार फक्त बायकांची असे. जेवण झालं की हे टोपी घालून निघत, समोरच्या हॉटेलात जाऊन बसत, आणि मी काचेवर पडदा ओढून आतून कडी लावे. मग जो गलका सुरू व्हायचा तो रस्त्यापर्यंत जायचा. यम्मा तेव्हा काठी घेऊन यायची, बरोबर तीन-चार नाती. त्यातली एक शिक्षिका होणार होती. एका गुरुवारी ती आजीला कोणत्या बाजूने बसायचं ते सांगू लागली तर यम्माने तिला गप्प केलं आणि म्हणाली, “ह्या बाईला माहीत आहे.”

अंधार पडायच्या आत हे परत येऊन काचेवर टकटक करायचे. मी विचारायची, आज चहा किती झाले. कधी पाच सांगायचे, कधी सहा. त्या गुरुवारी त्यांनी आठ सांगितले, आणि नवव्यासाठी मी आमच्याच घरात आधण ठेवलं.