पाकीट फेकू नका

माझी नणंद टपालखात्यात एकतीस वर्षं पत्रं निवडायच्या टेबलावर होती. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात. हिने वाचनालयाच्या मागच्या खोलीत फुकट सल्ल्याचं टेबल मांडलं आणि अर्ज टाइप करायला मलाही ओढून नेलं. मी नको म्हणाले होते. तिच्यापुढे कुणाचा नकार टिकल्याचं आमच्या घरात ऐकिवात नाही.

कुणी सरकारी पत्र पुढे केलं की ही आधी विचारायची, "पाकीट कुठंय?" पत्रावर साहेब हवी ती तारीख घालतो, पत्र खरं कधी निघालं ते पाकिटावरचा शिक्का सांगतो, असं तिचं म्हणणं. लोक पाकीट फाडून टाकतात म्हणून तिने दारावर पाटीच लावली: पाकीट फेकू नका. त्यावरून लोक तिला पाकीटबाई म्हणू लागले. तिला ते आवडायचंही.

एक दिवस लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला आला. त्याला फिट यायच्या. अशाच एका फिटमध्ये तो तापलेल्या इस्त्रीवर कोसळला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली दिसत होती. डॉक्टरांनी गरम यंत्राजवळ जायची बंदी केली आणि त्याला भत्ता सुरू झाला. आता तो बंद झाला होता. पत्रात कारण होतं: फेरतपासणीस गैरहजर, सबब कामास पात्र.

"म्हणजे मी गेलो नाही म्हणून बरा झालो," तो म्हणाला. "मालक म्हणतोय, एक तारखेपासून इस्त्रीवर ये. भत्ता नाही मिळाला तर जावंच लागेल."

फेरतपासणीला बोलावणारं पत्रही त्याने पाकिटासकट आणलं होतं. तपासणी नऊ तारखेची आणि त्या पाकिटावरचा शिक्का अकराचा. नणंदेने ते पाकीट दोनदा उजेडात धरून पाहिलं. "वहिनी, अपील टाइप करा," ती म्हणाली. मी टाइप केलं आणि सगळे कागद नीट फाइलला लावले. नीटनेटकेपणा हा माझा जुना रोग आहे.

दर सोमवारी ती भत्त्याच्या कचेरीत जाऊन जिन्याखालचा फलक वाचायची. सुनावण्यांची यादी तिथे लागते आणि कुणीही वाचत नाही. त्या सोमवारी यादीत इस्त्रीवाल्याचं नाव होतं. तारीख गुरुवारची, आणि त्याच्या घरी पत्राचा पत्ताच नव्हता. आम्ही तिघं गुरुवारी जाऊन बसलो.

साहेब म्हणाले, "शिक्का अकराचा आहे म्हणता, तर दाखवा."

मी फाइल उघडली. फाइलला लावायला मी पाकिटालाही पंच मारला होता आणि भोक नेमकं तारखेवर पडलं होतं. साहेबांनी पाकीट डोळ्यांसमोर धरलं. "इथे तारीख नाहीये. भोक आहे." इस्त्रीवाला माझ्याकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वन्सं, माझी चूक," मी पुटपुटले.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते राहू द्या साहेब," ती म्हणाली. "आजच्या सुनावणीचं पत्र कधी पाठवलंत?"

कारकुनाने वही पाहिली. "तीन तारखेला."

"आज सोळा. याला ते मिळालेलं नाही."

"मग तुम्ही आलात कशा?"

"तुमच्या जिन्याखालचा फलक वाचून. तो वाचला नसता तर हा आज गैरहजर असता. म्हणजे पुन्हा एकदा ठणठणीत."

साहेबांनी कारकुनाला खाली आवक-जावकच्या खोलीत पाठवलं. तो परतला तो ट्रेच घेऊन. इस्त्रीवाल्याचं पत्र त्यात होतं, बंद पाकिटात, शिक्का न लागलेलं. साहेबांनी ते पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्यांनी भत्ता पुन्हा सुरू करण्याचा आदेश लिहिला आणि म्हणाले, "झालं तुमचं काम."

इस्त्रीवाला डोळे पुसत उठला. मीही उठले. माझी नणंद मात्र बसूनच राहिली. तिची नजर ट्रेवर होती.

"आणखी किती आहेत त्यात?" तिने विचारलं.

"बाई, तुमची केस संपली."

"त्याची संपली. त्यात निदान पंधरा-सोळा पाकिटं आहेत, मला गठ्ठा बघून कळतं. ती माणसं उद्या-परवा गैरहजर ठरणार. नावं मला सांगू नका, पण त्यांना फोन करा. मी इथंच बसते."

मला तिचा अभिमान वाटला, आणि धडकीही भरली. इस्त्रीवाला पुन्हा खाली बसला. मग मीही बसले. कचेरी बंद व्हायच्या वेळेपर्यंत कारकून फोन करत होता, आणि आम्ही तिघं समोरच्या बाकावरून त्याच्याकडे बघत होतो. सतरा निघाली.

गैरहजर तो बरा, हा नियम अजून तसाच आहे. आम्ही वर दोनदा लिहिलं, उत्तर नाही. माझा पंच तिने जप्त केलाय.

आता दर सोमवारी तिच्याबरोबर इस्त्रीवालाही फलकापाशी असतो. भाजलेल्या हाताचं बोट एकेका नावाखालून फिरवत तो मोठ्याने यादी वाचतो, आणि ज्यांची नावं निघतात त्यांना निरोप धाडतो. परवा कारकुनाने त्याला विचारलं, "तुमचं काम झालं ना? मग कशाला येता?"

"हजेरी लावायला," तो म्हणाला. "नाहीतर परत बरा कराल मला."