साडूंचं नेटवर्क

शेअर बाजाराचा इतका अभ्यास करून एकही शेअर न घेतलेला माणूस अख्ख्या ठाण्यात एकच असेल, आणि तो माझा थोरला साडू आहे, हे मी अभिमानाने सांगतो. निवृत्तीनंतर त्यांनी वर्तकनगरच्या घरी कॉम्प्युटरवर एक न्यूरल नेटवर्क उभं केलं. जुने भाव दाखवून त्याला उद्याचा भाव ओळखायला शिकवायचं, एवढाच उद्योग. पण शिकवण्याचा वेग किती ठेवायचा, नेटवर्कचे थर किती, उजळणी किती, यातच त्यांची सकाळ जाते. वेग वाढवला की ते बावचळतं, कमी केला की पेंगतं, असं ते नातवाबद्दल बोलावं तसं सांगतात. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, हा त्यांचा नियम. एकदा आमटी बिघडली तेव्हा त्यांनी मेव्हणीबाईंनाही तोच लावला. मग एक दिवस फक्त चिंच बदलली, दुसऱ्या दिवशी फक्त गूळ. तिसऱ्या दिवशी मेव्हणीबाईंनी फक्त स्वयंपाकी बदलला आणि साडूंना ओट्यापाशी उभं केलं.

गेल्या वर्षी मात्र जुन्या भावांवर घेतलेल्या परीक्षेत नेटवर्क जवळपास सगळंच बरोबर ओळखू लागलं. सोसायटीत साडूंचा भाव वधारला. माजिवड्याचे त्यांचे एक मित्र, मूळचे तिथलेच शेतकरी, जमिनीचे आलेले पैसे या अंदाजांवर लावायला निघाले. साडू तेवढे अस्वस्थ. इतकं बरोबर येतंय म्हणजे कुठेतरी चुकतंय, असं म्हणत ते पुन्हा तपासायला बसले, आणि चूक सापडली. भावांचा एक रकाना एका ओळीने वर सरकला होता, त्यामुळे नेटवर्कला उद्याचा भाव आधीच दिसत होता. थोडक्यात, पेपर फुटला होता.

फोनवर सांगता आलं असतं. पण मी त्या दिवशी डोंबिवलीहून आलेलो, तर मलाच रिक्षात घालून ते माजिवड्याला गेले. मित्राच्या मुलांसुनांसमोर म्हणाले, "माझं चुकलंय. याच्या भरवशावर एक रुपयाही लावू नका." मित्र वेळेत सांगितलंत म्हणाले, आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सोसायटीने मात्र पुढे महिनाभर साडूंची टिंगल केली.

दुरुस्तीनंतर नेटवर्क पुन्हा निम्मं बरोबर, निम्मं चूक सांगू लागलं. तरी साडू रोज त्याच्यापुढे बसतात. आता कशाला, असं मी एकदा विचारलं.

"ऑफिसात माझ्यावाचून कामं अडायची," ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "आता हे एकटंच अडतं."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि एक थर कमी करून पाहायचा का, असं विचारलं.